ओट्यावरची तिसरी पिन

ओट्याशेजारचा सॉकेट नीट पाहा. खाली दोन भोकं, वर एक मोठं. वरच्या मोठ्या भोकात जाते ती अर्थिंगची पिन. मिक्सर, फ्रिज, गीझर यांचं धातूचं अंग तिच्यातून जमिनीशी जोडलेलं असतं. आत कुठे फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर वीज माणसातून न जाता तिच्यातून निघून जावी, एवढ्यासाठीच ती असते. अमरावतीत अंबागेटच्या आतली जुनी घरं, अकोल्याचं जुनं शहर, जठारपेठेतले चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे बंगले, अशा ठिकाणी हा सॉकेट उघडला की बरेचदा भोकं तीन आणि तारा दोनच दिसतात. तिसरा स्क्रू कोरा असतो. त्यावर गंजाचा ठिपका आणि फोडणीच्या तेलाचा चिकट थर, बस.

घरमालकाला हे ठाऊक नसतं असं नाही. पण ‘‘काही होत नाही जी, इतकी वर्षं चालूच आहे ना’’ हे वाक्य वायरमनही म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. चालू आहे हे खरंच आहे. अर्थिंगवाचून मिक्सर फिरतो, फ्रिज थंड करतो, दिवा लागतो. अर्थिंग आहे की नाही, हे रोजच्या वापरात कधीच कळत नाही. कळतं ते बिघाडाच्या दिवशी. म्हणून जुन्या स्वयंपाकघराचं वायरिंग सुधारायला घ्याल तेव्हा पहिला पैसा अर्थिंगवर आणि आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळताच ती तोडणाऱ्या स्विचवर, खर्च करा. मग तारांवर, आणि उरला तर देखण्या प्लेटांवर. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. भिंतीवर पांढऱ्याशुभ्र मॉड्युलर प्लेटा असतात आणि त्यांच्या मागे 1980 च्या सुमाराची ॲल्युमिनियमची तार.

कोऱ्या स्क्रूपेक्षाही वाईट एक प्रकार असतो. सॉकेटमध्ये अर्थिंगची तार नाही म्हणून न्यूट्रलच्या स्क्रूवरून छोटा तुकडा घेऊन तो अर्थिंगच्या पिनेला जोडून टाकलेला असतो. ‘लूप मारला’ म्हणतात त्याला. मागे कुठे न्यूट्रलचा जॉइंट सुटला, की फेजची वीज उपकरणातून फिरून या तुकड्यातून फ्रिजच्या दारावर येते. सगळं बंद पडल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस दार उघडून पाहायला जातो आणि करंट खातो. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर हा लूप ओळखू शकत नाही, तो सगळं ठीक असल्याचंच दाखवतो. मेन स्विच बंद करून, बोर्ड उघडून डोळ्यांनी पाहणं हाच उपाय, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्यावं. लूप सापडला तर त्याच दिवशी काढायला लावा, बाकीचं काम पुढच्या महिन्यात होणार असलं तरी.

आता जमिनीकडे वळू, कारण वऱ्हाडात अर्थिंगचा प्रश्न थेट मातीशी बांधलेला आहे. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. अर्थिंगच्या खड्ड्यात भरायला जे बेंटोनाइट पोत्याने विकत आणतात, त्याचाही मुख्य घटक हाच. ओल असेपर्यंत ही माती विजेला उत्तम वाट देते. पण पावसाळ्यात फुगणारी हीच माती चैत्र-वैशाखात आकसते, भेगा पडतात, आणि त्या भेगा चांगल्या खोलवर जातात. वरवर ठोकलेल्या सळईभोवती पोकळी होते आणि मातीचा नि धातूचा संबंधच तुटतो. अंगणात तुळशीजवळ हातभर सळई ठोकून तिला तार गुंडाळलेली अनेक घरांत दिसते. श्रावणात ती थोडंफार काम करील. मे महिन्यात मात्र तिचा भरवसा धरता येत नाही, आणि कूलर-फ्रिजवर सगळ्यात जास्त ताण असतो तो त्याच महिन्यात.

भारतीय मानक ब्यूरोचं अर्थिंगविषयीचं मानक आहे आयएस 3043. त्यात पाइप अर्थिंगसाठी साधारण 40 मिलिमीटर व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप किमान अडीच मीटर लांबीचा सांगितला आहे. आपल्याकडे या अडीच मीटरला फार अर्थ आहे: वरचा हिस्सा भेगाळला तरी खालचा ओलीत राहतो. खड्डा घराच्या पायापासून किमान दीड मीटर दूर असावा. पाइपच्या तोंडाशी फनेल आणि वर झाकण असावं, म्हणजे उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतता येतं. खड्डा भरून त्यावर फरशी बसवून टाकली की पुढची वीस वर्षं तिकडे कोणी फिरकत नाही. तेव्हा अंगणात फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला झाकण मोकळं ठेवायचं आधीच बजावून ठेवा.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूला माती आणि पाणी दोन्ही खारट. खारट ओल विजेला चांगली वाट देते, त्यामुळे नव्या खड्ड्याची मोजणी छान येते. पण तोच खार लोखंड खातो. त्यात परंपरेप्रमाणे कोळशासोबत मिठाचे थर घातले की पाइप आणखी लवकर सडतो. अशा भागात मीठ वगळावं, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइट वापरावं, आणि रॉडला तार जिथे जोडली आहे तो नटबोल्ट दरवर्षी उघडून पाहावा. पाइप शाबूत आणि क्लॅम्प गंजून गळून पडलेला, असं इथे हमखास आढळतं. याउलट अमरावतीच्या टेकडीकडच्या वस्त्यांत खाली मुरूम आणि खडक लवकर लागतो. अडीच मीटर खोदणं जमत नसेल तर बोअर मारून रॉड सोडावा किंवा थोड्या अंतरावर दोन खड्डे करून एकमेकांना जोडावेत. ‘‘लागला खडक, बसवला पाइप अर्धाच’’ यावर समाधान मानू नका.

इतकं करूनही फक्त अर्थिंगने भागत नाही. हा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. आपल्या बहुतेक जुन्या घरांना खांबावरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात, अर्थिंग ज्याचं त्याने करायचं. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध 20 ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडचा 3. कूलरच्या पत्र्याला फेज टेकली तर 230 व्होल्टला 23 ओहमने भागून प्रवाह येतो 10 अँपिअर. त्या सॉकेटला 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, असेल तर त्याच्या लेखी 10 अँपिअर म्हणजे नेहमीचा भार. तो कधीच पडणार नाही. आणि कूलरच्या पत्र्यावर 10 गुणिले 20, म्हणजे 200 व्होल्ट उभे राहतील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही पत्रा जिवंत.

इथे लागतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. फरक 30 मिलिअँपिअरला पोहोचेपर्यंत तो सेकंदाच्या छोट्याशा हिश्श्यात वीज तोडतो. वरच्या उदाहरणात फरक 10,000 मिलिअँपिअरचा आहे, म्हणजे पत्र्याला फेज टेकताक्षणीच तो पडेल. खड्ड्याचा रोध मे महिन्यात 20 वरून 100 ओहमवर गेला तरीही पडेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच 30 मिलिअँपिअरची मर्यादा आहे. दुकानात गेलात तर 100 किंवा 300 मिलिअँपिअरचेही आरसीसीबी मिळतात. ते यंत्रसामग्री आणि आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसाला वाचवायला नाहीत. डबीवर 30 एमए छापलेलं आहे याची स्वतः खात्री करा, आणि आयएस 12640 हा क्रमांक व आयएसआय खूण पाहा.

दोन गैरसमज इथेच मिटवून टाकू. आरसीसीबी बसवला म्हणजे एमसीबी नको, असं नाही. आरसीसीबीला जास्तीचा भार कळत नाही आणि एमसीबीला गळती कळत नाही. दोन्ही हवेत, किंवा दोन्ही कामं करणारा आरसीबीओ हवा. आणि आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असंही नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताच वीज तुटते. अर्थिंग नसेल तर कोणीतरी त्या पत्र्याला हात लावेपर्यंत ती तुटत नाही. तो हात लहान मुलाचा, ओला, अनवाणी पायांचा असू शकतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. लोखंडी पत्रा, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि खिडकीतून ओढलेली दोन तारांची वायर. स्वयंपाकघराच्या खिडकीला कूलर लावत असाल तर त्याचा पॉइंट याच आरसीसीबीखाली घ्या, वायर तीन तारांचीच असू द्या, आणि पाणी भरण्याआधी पिन काढण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. नळ आले की बाहेर निघणाऱ्या टिल्लू पंपालाही हेच लागू. अकोल्यात नळ काही दिवसांआड येतात, तेव्हा पंप घाईने, ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर लावला जातो.

आता तारांचं बघू. ही घरं बांधली तेव्हा स्वयंपाकघरात एक बल्ब, फार तर एक पंखा आणि एखादा पॉइंट असायचा. आज ओट्यावर काय काय आहे ते मोजा. इंडक्शन शेगडी 2000 वॅट, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. केटल 1500 वॅट, साडेसहा अँपिअर. मिक्सर 750 वॅट, सव्वातीन अँपिअर. या तिघांचीच सकाळची बेरीज 18-19 अँपिअर झाली. मायक्रोवेव्ह, फ्रिज, आरओ, घरघंटी यांची भर पडायची आहे, आणि मोरीत 3000 वॅटचा इन्स्टंट गीझर असेल तर त्याचे 13 अँपिअर वेगळे. हे सगळं जर दिव्यापंख्याच्या एकाच जुन्या तारेवर मल्टीप्लगने टांगलं असेल, तर ती तार भिंतीच्या आत रोज तापते आहे.

जुनी तार ओळखायची कशी? वयस्क वायरमन आणि दुकानदार अजूनही ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ असे शब्द वापरतात. तीन-बावीस म्हणजे 22 गेजच्या तीन सळ्या, आजच्या हिशेबात साधारण 1.2 चौरस मिलिमीटर. सात-बावीस साधारण 2.8, आणि सात-वीस साधारण 4.6. तुमच्या पावर पॉइंटला तीन-बावीस आलेली असेल तर ती गीझरला पुरेशी नाही, तांबं कितीही अस्सल असलं तरी. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली काळी रबरी तार असेल तर बोटाने दाबून पाहायच्या भानगडीत पडू नका. तिचं रबर वाळून कडक झालेलं असतं, वाकवलं की चिरतं. आणि तार पांढुरकी, ॲल्युमिनियमची असेल तर ती जोडाच्या ठिकाणी पाहायला सांगा. स्क्रूखाली दबून सैल झालेली, भोवती पांढरी भुकटी जमलेली असते. ॲल्युमिनियमला तांब्याचा पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड हा सगळ्यात धोक्याचा. तो आतून हळूहळू खराब होतो, रोध वाढतो, तापतो, आणि टेप जळून काळी चकाकी येते.

बोर्ड न उघडताही काही खुणा दिसतात. प्लेटचा पांढरा रंग एका भोकाभोवती पिवळा-तपकिरी होणं. इंडक्शन चालू असताना पिन हाताला गरम लागणं. मिक्सर सुरू करताच दिवा मंद होणं. स्विच दाबताना चरचर. ओल्या हाताने स्टीलच्या सिंकला किंवा नळाला हात लागल्यावर मुंग्या येणं. यातली शेवटची खूण दिसली तर थांबू नका, मेन बंद करा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. ‘थोडासा झटका’ म्हणून ती सोडून द्यायची नाही.

नव्या तारा घेताना आपल्या उन्हाचा हिशेब धरावा लागतो. पीव्हीसी तारेची क्षमता आपल्याकडे साधारण 40 अंश तापमान गृहीत धरून दिलेली असते, आणि तारेतल्या तांब्याने 70 अंशांच्या वर तापू नये अशी मर्यादा आहे. अकोल्यात मे महिन्यात बाहेरच पारा 45 च्या पुढे जातो. पश्चिमेच्या भिंतीत किंवा स्लॅबमध्ये गाडलेल्या पाइपात त्याहून जास्त. 45 अंशांना तारेची क्षमता साधारण नऊ-दशांश उरते, 50 ला आठ-दशांश. म्हणजे 20 अँपिअर पेलणारी तार 16 वर येते. मुंबई-कोकणात चालणारं माप इथे जसंच्या तसं घेऊ नये असं मला वाटतं. दिव्यापंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, ओट्यावरच्या 16 अँपिअरच्या प्रत्येक पॉइंटला 2.5, आणि गीझरला किंवा रोज तासन् तास चालणाऱ्या इंडक्शनला 4, हा वऱ्हाडासाठी सुरक्षित अंदाज आहे. तार तांब्याची, आयएस 694 ची, दर मीटरवर नाव आणि माप छापलेली. अर्थिंगची हिरवी तारही फेजच्या तारेइतकीच जाड. ‘‘अर्थिंगले बारीक चालते’’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, बिघाडाच्या क्षणी पहिला मारा तिच्यावरच होतो.

मांडणी अशी करावी. मेनपासून स्वयंपाकघरासाठी स्वतंत्र लाइन आणावी, आणि ओसरीतल्या एका डीबीत, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत, प्रत्येक शाखेला आपापला एमसीबी द्यावा. वायरिंगच्या मानकाचा, म्हणजे आयएस 732 चा, संकेत असा की पावरच्या एका शाखेवर 16 अँपिअरचे दोनच पॉइंट घ्यावेत, आणि दिव्यापंख्यांच्या एका शाखेवर फार तर 10 पॉइंट किंवा 800 वॅट. यावरून ओट्याला दोन शाखा, गीझरला एक, दिव्यापंख्याला आणि एक्झॉस्टला एक, असा साधा हिशेब होतो. 16 अँपिअरच्या सॉकेटला 16 चाच एमसीबी. तो वारंवार पडतो म्हणून कोणी 32 चा बसवून देत असेल तर त्याला थांबवा. एमसीबी तारेच्या जिवासाठी आहे. फ्रिजला मात्र स्वतःचा आरसीबीओ देता आला तर उत्तम. गावाला गेल्यावर गीझरच्या गळतीपायी सगळ्या घराचा आरसीसीबी पडला आणि फ्रिज चार दिवस बंद राहिला, अशी वेळ येत नाही.

जागा निवडताना सिंक आणि सिलिंडर या दोघांपासून दूर राहायचं. नळाचं पाणी उडून प्लेटवर येईल इतक्या जवळ सॉकेट नको, शेगडीच्या थेट वर नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे ओट्याखाली सिलिंडरशेजारी सॉकेट किंवा स्विच ठेवू नये. ठिणगी तिथे सगळ्यात महाग पडते. आरओचा पॉइंट सिंकखाली घेण्याची पद्धत वाढते आहे, तो वर काढा.

भिंतीचाही विचार हवा. जुन्या वऱ्हाडी घरांत पांढरमातीच्या जाड भिंती असतात, वर धाबं. अशा भिंतीत कन्सील्ड पाइपासाठी खाचा पाडल्या की माती सुटत जाते, वरून सिमेंट थापलं तरी एक-दोन पावसाळ्यांत फुगून निघतं, आणि उंदरांना वाट मिळते. तिथे पृष्ठभागावरून जाणारा जाड पीव्हीसी पाइप किंवा केसिंग-कॅपिंगच बरं. ते दिसायला थोडं कमी असेल, पण कुठे काय आहे ते कळतं आणि पुढे बदलणं सोपं जातं. पक्क्या विटांच्या घरात कन्सील्ड करायचंच असेल तर पाइप सरळ उभे-आडवेच न्यायचे, तिरपे नाहीत. नंतर फळी ठोकणाऱ्याचा खिळा तारेत जाऊ नये म्हणून. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. आणि दिवाळीच्या रंगकामाच्या आधी हे काम उरका, नंतर नाही.

आरसीसीबी बसवला आणि तो सतत पडायला लागला, अशी तक्रार जुन्या घरांत जवळजवळ ठरलेली असते. इथेच बरंच चांगलं काम वाया जातं. दोन दिवस वैताग होतो, मग वायरमन ‘‘तुमच्या घराले हे जमत नाही’’ म्हणत दोन तारा थेट जोडून आरसीसीबी बाजूला टाकतो. तो विनाकारण पडत नाही. जुन्या घरातलं नेहमीचं कारण म्हणजे उसनं न्यूट्रल. जिन्यातल्या दिव्याला फेज एका शाखेचा आणि न्यूट्रल शेजारच्या शाखेचा जोडलेला असतो. असं न्यूट्रल आरसीसीबीला वळसा घालून परत गेलं, की त्याच्या लेखी हिशेब जुळत नाही. दुसरं कारण मघाचा तो लूप. तिसरं, ओल धरलेली भिंत किंवा उंदराने कुरतडलेली तार. आणि खारपाणपट्ट्यात चौथं: बोअरच्या खारट-जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात, तिचं आवरण फुटतं आणि वीज पाण्यात झिरपू लागते. शोधायची रीत सोपी आहे. सगळ्या पिना काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक शाखा आणि एकेक उपकरण जोडत जा. ज्यावर पडेल तिथे दोष. फक्त उसन्या न्यूट्रलची भानगड असेल तर ती डीबीत न्यूट्रलच्या तारा सुट्या करूनच सापडते, त्यासाठी धीराने काम करणारा माणूस लागतो. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या, घाई करू नका.

माणूस कोण निवडायचा? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे विनियम आणि त्याआधीचे 2010 चे, दोन्हींचा रोख असा की वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली व्हावं. ठेकेदाराकडे परवान्याची प्रत मागायला संकोच करू नका. प्रत्यक्ष हाताने काम करणारा आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन असेल तर चांगलंच. आणि विचारा: तुमच्याकडे मेगर (इन्सुलेशन मोजण्याचं यंत्र) आणि अर्थ टेस्टर आहे का? फक्त स्क्रूड्रायव्हरचा टेस्टर घेऊन येणारा मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी घेऊ शकत नाही. मीटरपर्यंतचा भाग महावितरणचा, सील असलेल्या कशालाही हात लावायचा नाही. तिथे जळका वास किंवा ठिणगी दिसली तर 1912 वर तक्रार करा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो पाहा. एक किलोवॅट मंजूर असताना इंडक्शन, गीझर आणि एसी लावत असाल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करा. त्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो घरबसल्या सही करून विकत मिळतो असं कोणी सांगेल. तुमच्या घराची खरी तपासणी झाली नसेल तर त्या कागदाचा तुम्हाला काहीही उपयोग नाही.

सगळं एकदम करायला पैसे नसतील, आणि बहुतेकांकडे नसतात, तर पहिल्या महिन्यात लूप काढा, खड्डा करा, डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि किटकॅट फ्यूज काढून एमसीबी घ्या. एवढ्याने जिवाचा धोका पुष्कळ कमी होतो. पुढच्या टप्प्यात ओट्याच्या दोन शाखा आणि गीझरची लाइन नवी टाका. तोवर इंडक्शन आणि गीझर एकाच वेळी लावायचे नाहीत असा घरात नियम करा. दिव्यापंख्यांच्या तारा शेवटी बदलल्या तरी चालतील, मात्र त्या ॲल्युमिनियमच्या असतील तर फार लांबवू नका. मॉड्युलर प्लेटा अगदी अखेरीस.

काम संपल्यावर मजुरीचा शेवटचा हप्ता देण्याआधी मोजण्या तुमच्यासमोर करून घ्या. मेगरने 500 व्होल्टवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध किमान एक मेगओहम यायला हवा. नवं काम असेल तर तो त्याच्या कितीतरी पट येतो. प्रत्येक सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे का, स्विच फेजवरच आहे का, हे तपासा. न्यूट्रल तोडणारा स्विच बंद केला तरी पॉइंट जिवंत राहतो. आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का पाहा, आणि पुढे दर महिन्याला दाबत जा. अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजून आकडा आणि तारीख डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहायला लावा, शेजारी कोणता एमसीबी कशाचा तेही. ही मोजणी दिवाळीच्या सुमाराला झाली असेल तर जमीन ओली असते आणि आकडा चांगलाच येतो. त्यावर विसंबू नका. मे महिन्यात, कूलर लागल्यावर, काळी माती भेगाळलेली असताना त्याच माणसाला पुन्हा बोलवा, खड्ड्यात पाणी ओतण्याच्या आधी एक मोजणी आणि ओतल्यानंतर दुसऱ्या दिवशी एक, आणि तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून ठेवा.